दीड श्वास, अडीचशे हात

मांजरसुंब्याच्या घाटात मागचं चाक बसलं तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. टायरमध्ये एकच सराटा रुतलेला, हरभऱ्याएवढा. ट्यूब बदलायला दहा मिनिटं गेली, त्यात काही विशेष नाही. मग पाठीवरच्या खिशातून पंप काढला. तळहातात मावणारा, आखूड, जाडसर, चकचकीत. खोक्यावर ठळक छापलेलं होतं: १६० पीएसआय. मला शंभर पुरे होते. पहिले पन्नास हात सहज गेले, पुढचे पन्नास दात आवळून, आणि एकशेतीस-चाळीसच्या आसपास दट्ट्या जो अडला तो काही केल्या आत जाईना. शेजारून ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रॅक्टर चढत होता. ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, त्यावर बसलेली पोरं. पंपाशी झटापट करणारा हेल्मेटवाला बघून पोरांची चांगली करमणूक झाली.

मऊ चाकावर तोल सांभाळत फाट्यापर्यंत आलो. पंक्चरवाल्या मामांकडं कंप्रेसर होता, पण त्याच्या नळीचं तोंड मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचं. माझा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा. एकाला रिममध्ये आठ मिलिमीटरचं भोक लागतं, दुसऱ्याला सहाचं. या दोन मिलिमीटरनं आजवर किती सायकलवाल्यांना पायी घरी पाठवलं असेल कोण जाणे. नशिबानं पिशवीच्या तळाशी पितळेची छोटी टोपी सापडली, ती बसवली, आणि चार सेकंदांत चाक दगडासारखं टणक. मामांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्याशा चाकात कितीक हवा बसती ओ?"

मला सांगता आलं नाही. घरी येऊन वही काढली आणि तिथून पुढचे आठ दिवस माझे याच हिशेबात गेले.

रोड बाइकचा नेहमीचा टायर २५ मिलिमीटर रुंदीचा. तो कापून सरळ केला तर दोन मीटर लांब आणि अंगठ्यापेक्षा थोडी जाड अशी नळी होते. तिच्यात मावतं एक लिटर. जवळजवळ नेमकं एक लिटर. दुधाची पिशवी ओतावी एवढं. आता १०० पीएसआय म्हणजे वातावरणाच्या ६.८ पट दाब. म्हणजे या एका लिटरच्या जागेत बाहेरची सुमारे सात लिटर हवा आणखी कोंबायची. मोठा माणूस छाती भरून श्वास घेऊन पूर्ण सोडतो तेव्हा साडेचार-पाच लिटर हवा बाहेर पडते. म्हणजे चाकात गेली ती दीड श्वासाची हवा. तिचं वजन भरतं ८ ग्रॅम. तोळाभरही नाही!

हे उत्तर आलं तेव्हा मी पुन्हा पहिल्यापासून आकडेमोड केली. दंडात गोळे आले, गुडघे टेकले, पोरांपुढं शोभा झाली, ती ८ ग्रॅम वाऱ्यासाठी?

पण गोम हवेच्या मापात नाहीच. गावातल्या काळ्या सायकलीचं चाक घ्या, दूधवाला कॅन अडकवून नेतो ते. त्यात अडीच लिटरची जागा, आणि दाब लागतो पंचेचाळीसच्या आसपास. गुणाकार करा: साडेसात लिटर हवा. म्हणजे दूधवाल्याच्या सायकलीला आणि माझ्या महागड्या सायकलीला हवा लागते जवळपास सारखीच. फरक एवढाच की त्यानं ती ऐसपैस बसवली आणि मी ती दाराबाहेर लोंबकळणाऱ्या गर्दीसारखी ठासली.

ही ठासणी किती, ते बीडच्या माणसाला बोअरच्या भाषेत सांगितलेलं बरं. १०० पीएसआय म्हणजे ७० मीटर पाण्याचा दाब. २३० फूट बोअर काठोकाठ पाण्यानं भरली (कल्पना करायला काय जातं) तर तिच्या तळाला जो दाब पडेल, तो या चाकात कोंबलेला आहे. माणूस गाल फुगवून, डोळे पांढरे होईतो फुंकला तरी एक-दोन पीएसआयच्या वर जात नाही. कारच्या चाकात तीस-बत्तीस. ट्रॅक्टरचं मागचं चाक माणसाच्या छातीएवढं, पण त्यातला दाब माझ्या चाकाच्या पाव भागाएवढाही नसतो. माझ्या चाकाची बरोबरी करायला थेट एसटीच नाहीतर उसाचा ट्रक लागतो. ट्रकचं चाक दोघांनी उचलायचं, माझा टायर दोन बोटांवर लटकतो, वजन अडीचशे ग्रॅम, आणि आतला दाब दोघांचा एकाच पट्टीतला.

टायर आणि रिम मिळून या हवेला आतून जी भिंत आहे तिचं क्षेत्रफळ काढलं: सुमारे १,६०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरवर सात किलोचा रेटा. सगळ्या दिशांचा रेटा एकत्र मोजला तर ११ टन होतो. एक ट्रकभर ऊस. तो एका चाकात, दुसऱ्यात तेवढाच पुन्हा. आणि हे ११ टन अडवून धरलेत नायलॉनच्या धाग्यांनी आणि रबराच्या पापुद्र्यानं. सराट्याला मी आता आदरानं पाहतो.

या दाबाचा उपयोग काय, तर रस्त्याला कमीत कमी चिकटणं. मी आणि सायकल मिळून ८० किलो. दर चौरस सेंटिमीटरला सात किलो पेलायचे, म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून साडेअकरा चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकला की काम झालं. एका चाकाच्या वाट्याला साधारण पावणेसहा. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याचं क्षेत्रफळ तेवढंच भरतं. म्हणजे धुळे–सोलापूर महामार्गावर मी जातो तो दहाच्या दोन नाण्यांवर उभा राहून जातो. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं २०१८ मध्ये १५९ दिवसांत २९ हजार किलोमीटर सायकल मारून पृथ्वीला फेरी घातली. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर, त्या हिशेबानं एकेका चाकाचे १ कोटी ३८ लाख फेरे झाले. आणि बरोबर गाडी नाही, मेकॅनिक नाही. अशा प्रवासात पंप हा सामानातला नग राहत नाही, सोबती होतो.

तर पंप. दुकानात पंपाचं रूप बघतात, वजन बघतात, छापलेला आकडा बघतात. नळकांड्याचा आतला व्यास कुणी विचारत नाही, आणि सगळं त्यातच आहे. दट्ट्याच्या तोंडावर चाकातला दाब उलटा बसतो. तोंड जेवढं रुंद तेवढा रेटा मोठा, आणि व्यास दुप्पट झाला की रेटा चौपट. १८ मिलिमीटरचं नळकांडं असेल तर शंभर पीएसआयला हातावर १८ किलो येतात: तेलाचा पंधराचा डबा आणि वर थोडं. २२ मिलिमीटरला २७ किलो. घाटात मला दगा देणारा माझा आखूड पंप २५ मिलिमीटरचा निघाला. त्याला लागतात साडेचौतीस किलो. साठ पीएसआयलाच तो वीस किलोंवर गेला होता आणि तिथंच माझा दम संपला. १६० हा आकडा खोटा नव्हता म्हणा. त्यासाठी हातात ५५ किलोंचा जोर हवा, हे मात्र खोक्यावर छापलेलं नव्हतं.

दुकानातला उभा पंप तीसेक मिलिमीटरचा असतो आणि त्याला पन्नास किलो लागतात. पण तिथं आपण दोन्ही पाय पट्टीवर ठेवून अंगाचा भार टाकतो. सतरा-अठरा हातांत चाक तयार. घाटात कठड्याला टेकून, एक हात चाकाला आणि एक दट्ट्याला लावून अंगाचा भार टाकता येत नाही. तिथं मनगट आणि दंड, बस. म्हणून खिशातला पंप घेताना सडपातळ नळकांडं आणि लांब धाव. बुटक्या जाड्या पंपांना डोंगरी सायकलींकडं पाठवावं. त्यांच्या फुगीर चाकांना तीस पीएसआयही पुष्कळ, तिथं ते शोभतात.

सडपातळ पंपाची किंमत हातांच्या संख्येत मोजावी लागते. १८ मिलिमीटरचं तोंड, सोळा सेंटिमीटर धाव: एका हाताला ४० घनसेंटिमीटर हवा, म्हणजे चहाच्या छोट्या कटिंगपेक्षा कमी. सात लिटर भागिले चाळीस, झाले पावणेदोनशे हात. वहीत मी आकडा लिहिला, नवा पंप आणला, अंगणात बसून मोजले. अडीचशेच्या वर गेले.

ऐंशी हात कुठं मुरले? थोडे उंचीनं खाल्ले. बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटर वर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहा टक्के विरळ. मुंबईत शंभर हात मारावेत तिथं बीडमध्ये एकशेसहा. हे कळल्यावर मला उगीचच अभिमान वाटला. पण खरा चोर निराळाच होता. दट्ट्या पूर्ण आत गेला तरी पंपाच्या टोकात, व्हॉल्व्हच्या तोंडाशी, नळीत थोडी जागा उरतेच. तिथं अडकलेली हवा चाकात जात नाही. दट्ट्या मागं ओढला की ती स्प्रिंगसारखी पसरते आणि नव्या हवेची जागा अडवून बसते. ही जागा तीन घनसेंटिमीटर धरली, म्हणजे चहाचा अर्धा चमचा, तर बीडमध्ये २६० हात लागतात. तीच पाच केली, म्हणजे एक चमचा, तर हातांचा आकडा ४७० वर जातो! आणि सहा केली तर? मग मारत बसा. नव्वदच्या थोडं वर गेल्यावर अडकलेली हवा पसरून अख्खं नळकांडं भरते, बाहेरची एक फुंकरही आत येत नाही, आणि हजार हात मारले तरी चाकात काही जात नाही. अर्ध्या चमच्याला २६०, सव्वा चमच्याला अनंत.

मी हा हिशेब तीनदा तपासला. रॉबर्ट बॉइलनं १६६२ मध्ये मांडलेल्या नियमापलीकडं त्यात काही नाही: जागा निम्मी तर दाब दुप्पट. शाळेत आपण तो पाठ करतो आणि विसरतो. घाटात तो हिशेब चुकता करून घेतो.

म्हणून पंप हातात घेतला की मी आता टोक बघतो. रबरी नळी असेल तर ती बारीक भोकाची आहे ना. नळी हवीच, नाहीतर दर हाताला व्हॉल्व्हला हिसका बसतो आणि फ्रेंच व्हॉल्व्हची नाजूक दांडी वाकते. पण ती जाड, ऐसपैस नको. दुकानदाराला मी चमच्याचं गणित सांगायला गेलो तर त्यानं "सर, यात ब्लॅक पण येतो" म्हणून दुसरा रंग दाखवला.

यात आणखी एक गंमत आहे. एका चाकात इतकी हवा दाबायला लागणारं किमान काम काढलं तर येतं साधारण ९३० ज्यूल. दहा किलो पिठाची पिशवी तीन मजले वर नेण्याइतकं. पंपाचं घर्षण, उष्णता, आपल्या शरीराची उधळपट्टी सगळं धरून आठपट करू. तरी खर्च दोन किलोकॅलरींच्या आतच राहतो. ज्वारीच्या एका बऱ्यापैकी भाकरीत अडीचशेच्या आसपास असतात. म्हणजे एका भाकरीवर शंभराहून जास्त चाकं भरावीत! मग एकाच चाकाला जीव का जातो? कारण भाकरी कमी पडत नाही, मनगट पडतं. ऊर्जा पुरते, जोर पुरत नाही. त्यामुळं पंप निवडणं म्हणजे खरं तर आपल्या दंडाचं माप देणं आहे, शिंप्याकडं देतो तसं. साध्या तुलनेसाठी: घरातला तेलाचा डबा जमिनीवरून पन्नासदा थोडासा उचलून बघा. शेवटच्या पन्नास हातांना तसंच लागतं.

नळकांडं तापतं ते वेगळंच. हवा झटक्यात दाबली की तिची उष्णता निसटायला वेळ मिळत नाही. एवढ्या दाबाला आतली हवा, नुसत्या गणितानं, अडीचशे अंशांच्या पुढं जायला हवी. प्रत्यक्षात धातू ती पिऊन टाकतो, म्हणून फक्त बोटं भाजतात. त्या दिवशी शेजारून चढलेल्या ट्रॅक्टरच्या इंजिनात हेच चालू होतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबूनच इतकी तापवतात की डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे मी आणि ट्रॅक्टर घाटात एकच काम करत होतो. त्याचं जमलं.

आळशी माणसासाठी वाटा आहेत. गॅसची कांडी मिळते, करंगळीएवढी, सोळा ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची. उघडली की साडेआठ-नऊ लिटर गॅस होतो, दोन-तीन सेकंदांत चाक टणक. पण एक कांडी एक चाक, आणि आपल्या रस्त्यांवर सराटे एकेकटे राहत नाहीत. वेड्या बाभळीचे काटे वेगळेच. शिवाय हा गॅस रबरातून साध्या हवेपेक्षा लवकर झिरपतो, दुसऱ्या दिवशी चाक पुन्हा मऊ. मेमध्ये तर त्या कांडीत काय होत असेल याचं मला कुतूहल आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी द्रव होत नाही, आणि बीडमध्ये ३१ अंश ही सकाळच्या नाश्त्याची वेळ. हल्ली बॅटरीचे छोटे पंपही आलेत. मोबाइलच्या बॅटरीत जेवढी ऊर्जा असते तिच्यात, नुसत्या गणितानं, सत्तरेक चाकं भरावीत. पंपातली बॅटरी त्याहून पुष्कळ लहान, आणि मोटर व तापणं यात बराच भाग जातो, त्यामुळं दोन-चार चाकांवर समाधान मानायचं. वाईट नाहीत. पण चार्ज करायला विसरलेला पंप हा फक्त वजन असतो, आणि मी विसरतो.

मी शेवटी निराळीच पळवाट काढली. टायरच बदलला. २८ मिलिमीटरचा घेतला आणि दाब शंभरावरून पंचाहत्तरवर आणला. जागा सव्वा लिटर झाली, हवा लागते साडेसहा लिटर, म्हणजे आधीपेक्षा जराशी कमीच. १८ मिलिमीटरच्या पंपाला शेवटी १८ ऐवजी साडेतेरा किलो पुरतात. हात साधारण २२०. पाटोद्याकडच्या खडबडीत रस्त्यावर पाठ कमी दुखते हा वरचा फायदा. उन्हाचाही विचार होता: पहाटे वीस अंशांना शंभर भरून निघालं आणि दुपारी डांबराच्या धगीनं चाक साठ अंशांपर्यंत तापलं, तर न पंप मारता दाब ११५ वर जातो. पंचाहत्तरवर निघालेल्याला त्याची धास्ती नाही.

एक हिशेब मात्र पंप निवडायला काहीच उपयोगाचा नाही, तरी सांगतो. एका हातात, त्या कटिंगभर हवेत, रेणू किती? सुमारे एक कोटी गुणिले एक कोटी गुणिले एक कोटी. ताशी अठराशे किलोमीटरच्या आसपास वेगानं प्रत्येक जण इकडून तिकडं धडका देतोय, त्या धडकांनाच आपण दाब म्हणतो. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५ लाख ८५ हजार ४९ होती. आष्टीपासून परळीपर्यंत अकरा तालुक्यांतले सगळे, तान्ही पोरंही, कामधाम सोडून मोजायला बसले, सेकंदाला प्रत्येकी एक रेणू, रात्रंदिवस, तर एका हाताची मोजणी संपायला एक कोटी वर्षांहून जास्त लागतील. सहा हातांची मोजणी साडेसहा कोटींच्या पुढं जाते. बालाघाटचा हा काळा कातळ लाव्हा होऊन वाहत होता तेव्हा मोजायला बसलो असतो, तर आज सहावा हात संपत आला असता. उरले दोनशे चौदा.

मामांना मी नंतर उत्तर सांगितलं. आठ ग्रॅम. त्यांनी मान हलवली, पटलं असं काही दिसलं नाही. मग कोपऱ्यातला जुना लोखंडी पंप ओढून त्याचा दट्ट्या बाहेर काढला आणि टोकाचा चामड्याचा वायसर दाखवला. "हा सुकला की शंभराचे दीडशे हात व्हत्यात. तेलाचं बोट लावायचं." माझ्या पंपात चामडं नाही, रबराचं कडं आहे, त्याला सिलिकॉनचं ग्रीस लागतं. पण गेल्या महिन्यापासून माझी गाडी २२० वर थांबत नाही. आधी २२६ झाले, मग २३१, परवा केज रस्त्यावर २४४. कडं काढून बघायचं आहे.